वेशीपर्यंत

माझ्या माहेरच्या गावी, माण तालुक्यात, पाहुणा रात्री उशिरा निघाला की त्याला पोचवायला दोन प्रकारची मंडळी जात. घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन, आणि आळीतली तीन-चार कुत्री, न बोलावता. मारुतीच्या देवळापुढं वेस होती. खरं तर एक पडकी कमानच उरली होती. कुत्री तिथं थांबायची. पलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकून पाहुण्याचा ताबा घ्यायची आणि आमची शेपट्या हलवत माघारी. लहानपणी वाटायचं, किती माया ही! पुढं कळलं की ती पाहुण्याला सोडायला जात नव्हती, हद्दीबाहेर घालवत होती. पण तोवर पहिलं चित्र मनात पक्कं झालं होतं.

या पुस्तकात ते चित्र उलटं आहे. निघालंय ते कुत्रं, आणि पोचवायला चाललाय तो माणूस.

ठमी आमच्याकडे साडेचौदा वर्षं होती. गावठी कुत्री, कानांची टोकं मुडपलेली, रंग गुळासारखा. साताऱ्याच्या मंडईबाहेर एका टेम्पोच्या सावलीत सापडली तेव्हा नवऱ्याच्या दोन तळहातांत मावली होती. सासूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, ‘‘हे किती दिवस?’’ नवरा म्हणाला, ‘‘दोन.’’ आईंनी त्या दोन दिवसांचा उल्लेख पुढं चौदा वर्षं अधूनमधून केला.

ठमी गेल्यावर मी लिहायला बसले तेव्हा तिच्या आठवणींचं पुस्तक लिहायचं होतं. चार प्रकरणं झाली, वाचून पाहिली आणि बाजूला ठेवली. आपलं कुत्रं किती शहाणं होतं याच्या गोष्टी प्रत्येकाकडे असतात. दुसऱ्याच्या ऐकताना आपण फक्त आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतो. मला शेवटच्या दीड वर्षात जे हवं होतं ते वेगळंच होतं. रात्री तीन वाजता ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे काय होतं? सलाईन घरी देता येतं का? इंजेक्शन देतात तेव्हा नेमकं काय होतं? मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला सापडेना. कुत्रं आणावं कसं, शिकवावं कसं, याची पुस्तकं होती. पोचवावं कसं, याचं नव्हतं. म्हणून हे.

आधी वयाचं. कुत्र्याच्या वयाला सातानं गुणायचं हा हिशेब आपण सगळेच करतो आणि तो चुकीचा आहे. 2020 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी शंभरावर लॅब्रेडॉरांच्या डीएनएवर वयागणिक उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या सूत्रानं वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीला टेकतं आणि बारा वर्षांचं सत्तरीला. म्हणजे कुत्रं धावत धावत तरुण होतं आणि पुढचं सगळं आयुष्य सावकाश म्हातारं होतं. यातही जातीजातीत फरक आहे. ग्रेट डेनसारखं थोराड कुत्रं आठ-दहा वर्षांत थकतं. इटुकला पॉमेरियन पंधरा काढतो. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या घरात न्याय उलटा आहे.

या सावकाश उताराची गंमत अशी की रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही. मुंबईहून नणंद आली की म्हणायची, ‘‘ठमी किती उतरली गं!’’ मला राग यायचा. आम्हाला वाटत होतं ती शांत झालीय. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला रोजचा फेरा असायचा. ती दुसऱ्या वळणावर बसायला लागली, आम्ही म्हटलं, उन्हाचं. पलंगावर चढेना, म्हटलं, नखरे. ‘वय झालं’ हे दोन शब्द इतके सोयीचे आहेत की त्यांच्याखाली कुठलंही दुखणं झाकता येतं. या पुस्तकातलं पहिलं प्रकरण या दोन शब्दांविरुद्ध आहे. म्हातारपण हा आजार नाही, आणि आजार म्हणजे म्हातारपण नाही. डोळ्यांत निळसर धूसरपणा येतो, तो बऱ्याचदा भिंगाच्या वयाचा असतो आणि त्यानं नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू वेगळा, तो डॉक्टरांनाच ओळखू द्यावा. मागचे पाय फरशीवर घसरतात ते सांध्यांमुळे, आणि सांध्यांच्या दुखण्यावर इलाज आहेत. कुत्रं दुखलं की कण्हत नाही. ते बसल्याजागी धापा टाकतं, एकच पंजा चाटत राहतं, अंग चोरतं, कोपरा धरतं. ज्यांचे पूर्वज कळपात राहिले, त्यांना लंगडणं लपवायची सवय असते.

इथं माझा गुन्हा कबूल करते. ठमीचे पाय दुखतायत हे उमगल्यावर मी घरातल्या औषधांच्या डब्यातली अंगदुखीची गोळी, आयबुप्रोफेनची, अर्धी मोडून पोळीत घालून तिला दिली. आपण घेतो, मग तिला काय होतंय? दोन दिवस तिनं काळी उलटी केली. डॉक्टर आवाज न चढवता एवढंच म्हणाले, ‘‘ताई, कुत्र्याचं पोट आणि किडनी म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे.’’ कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं मिळतात आणि तीही रक्त तपासून, मोजून द्यायची असतात. पुस्तकात हे तीन ठिकाणी आलं आहे. संपादकांनी पुनरुक्ती म्हणून दोन ठिकाणचं काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

फरशीचा उपाय मात्र आईंनी काढला. जुन्या चटया, पोती, रग, सतरंजीचे तुकडे असं जे मिळेल ते पसरत त्यांनी दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पायवाट केली. घर दीड वर्षं लग्नघरासारखं दिसत होतं. ठमी त्या वाटेवरूनच चालायची, बाजूला पाऊल टाकायची नाही.

मग रात्री सुरू झाल्या. तीनच्या सुमाराला फरशीवर नखांचा टक टक आवाज. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बाथरूम, पुन्हा हॉल. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या फटीत शिरून ती उभी राहायची. मागं येता येतं हे विसरलेली. हाक मारली तर आवाजाच्या उलट दिशेला बघायची. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभी राहून दार उघडायची वाट बघायची. याला कुत्र्यांचा स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि तो नुसता बोलण्यापुरता शब्द नाही. अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूत जे बीटा-अमायलॉइड साठतं तेच अशा कुत्र्यांच्या मेंदूत साठलेलं दिसतं. सेलेजिलिन नावाचं औषध माणसांच्या कंपवातावर वापरतात, तेच काही कुत्र्यांना या आजारात उपयोगी पडतं. आम्हाला थोडं पडलं. जास्त उपयोग झाला तो संध्याकाळी उशिरा फिरवून आणण्याचा, रात्रभर एक मंद दिवा लावून ठेवण्याचा, आणि घरातल्या सामानाची जागा न बदलण्याचा.

त्या रात्रींविषयी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी पुस्तकात लिहिली आहे. मला ठमीचा राग यायचा. सकाळी साडेसातला कामावर जायचं असताना चौथ्यांदा फरशी पुसताना माझ्या मनात आलं होतं की आता हे संपावं. दुसऱ्या क्षणाला मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडले होते. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्यांनी केलेली नाही त्यांनी पुढची दोन पानं गाळली तरी चालतील.

शेवटी तिच्या किडन्यांनी हात टेकले. क्रिएटिनिनचा आकडा रक्तात वाढलेला दिसतो तोवर किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. म्हणून पाणी जास्त पिणं आणि लघवी जास्त होणं ही आकड्याच्या आधीची खूण पकडायला हवी. आम्ही तिला पाणी जास्त लागतं म्हणून भांडं मोठं आणलं होतं. असो. डॉक्टरांनी दूध बंद केलं, वेगळं खाणं सांगितलं, आणि घरी सलाईन द्यायला शिकवलं. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत तंबूसारखी वर उचलायची, सुई तंबूत शिरवायची आणि बाटली उंच टांगायची. पाठीवर उंटाच्या मदारीसारखा फुगा येतो आणि दिवसभरात जिरतो. नवऱ्याला सुईची भीती, त्यामुळे तो डोकं धरायचा. बाटली टांगायला खिळा एकच होता, ज्याला कालनिर्णय लटकत असायचं. तेव्हा बाटली लागली की कालनिर्णय उतरायचं, आणि बाटली उतरली की कालनिर्णय चढायचं.

पैशांचंही बोललं पाहिजे. तपासण्या, औषधं, खास खाणं, सगळं खिशातून. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात, ठमी उभीही राहू शकत नसताना, आम्हाला आणखी चार चाचण्यांची यादी हातात मिळाली. त्यातल्या एकीनंही पुढचा निर्णय बदलणार नव्हता. चाचणी करण्याआधी ‘याचा निकाल काहीही आला तर आपण वेगळं काय करणार?’ हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. बऱ्याच जणांना तो विचारताना आपण कंजूष ठरू असं वाटतं. मीही गप्प बसून तीन चाचण्या केल्या.

आता जरा आडवाट. या काळात मी कुत्र्यांच्या गोष्टी शोधत होते, कुठं तरी कुणी तरी हे आधी केलं असेल या आशेनं. आपल्याकडे कुत्र्यांची वाण नाही. दत्ताच्या पायाशी चार, खंडोबाबरोबर एक. नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं धावले ती गोष्ट शाळेतच ऐकलेली. श्राद्धात गाईचा घास आणि कावळ्याचा घास असतो तसा कुत्र्याचाही असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत, चार डोळ्यांचे, सरमेची पोरं. मेलेल्याची वाट राखणारे. पारशी मंडळींच्या रीतीत तर माणूस गेल्यावर कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते. त्या विधीला सगदीद म्हणतात, आणि तिथंही डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे चार डोळ्यांचा, कुत्रा उत्तम. दोन्ही परंपरा एकाच जुन्या घरातून निघाल्या हे अभ्यासक सांगतात. मला एवढंच दिसलं की दोन्हीकडे मरणाचा रस्ता कुत्र्याला ठाऊक असतो. याच पारशांनी 1832 साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध दंगल केली होती. परळचं जनावरांचं जुनं हॉस्पिटल ज्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं आहे, त्याही पारशीच.

पण या सगळ्या गोष्टींत कुत्रं माणसाला पोचवतं. रायगडावरच्या वाघ्याला इतिहासाचा आधार आहे का, यावर आपल्याकडे पुतळे हलवण्यापर्यंत भांडणं झाली. त्या वादात मी पडत नाही. पण कथा म्हणून बघितली तरी त्यात कुत्राच धन्यामागं चितेत जातो. टोकियोच्या शिबुया स्टेशनबाहेरचा हाचिको, ज्याचा धनी 1925 मध्ये वारला आणि जो 1935 मध्ये मरेपर्यंत स्टेशनात येत राहिला, तोही माणसाची वाट बघणारा. माणसानं कुत्र्यासाठी खोळंबून राहिल्याची गोष्ट शोधायला गेलं तर हाताशी एकच येते, युधिष्ठिराची. हस्तिनापुरातून मागं लागलेलं कुत्रं. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, त्यांच्यासाठी तो थांबला नाही. आणि इंद्राचा रथ दारात आल्यावर कुत्र्यासाठी अडून बसला. इथपर्यंत मला ती गोष्ट फार आवडते. पुढं व्यासांविषयी माझी थोडी तक्रार आहे. कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघाला, परीक्षा संपली, आणि प्रश्नही संपला. तो खरंच कुत्रा असता, थकलेला, मागचे पाय ओढणारा, हिमालयाच्या थंडीत श्वास अडकलेला, तर युधिष्ठिरानं काय केलं असतं? आपल्यापुढं रोज तोच कुत्रा असतो, धर्म नव्हे.

त्या कुत्र्यासमोर कधी तरी तो निर्णय येतो. याविषयी आपल्याकडे मोठी गोची आहे. ‘देव नेईल तेव्हा नेईल, आपण कोण?’ हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं, त्यातले दोघं पशुवैद्यक होते. या प्रश्नाशी आपल्यात सगळ्यांत उघडपणे भिडले ते गांधीजी. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत पडलं होतं. इलाज संपले होते. गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं, आणि ते लपवून न ठेवता स्वतःच लेख लिहून जाहीर केलं. गोरक्षणाचं नाव घेणाऱ्या देशात अहिंसेच्या पुजाऱ्यानं वासरू मारलं! संतापाची पत्रं आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वेदना थांबवायचा दुसरा मार्गच उरला नसेल, तर जीव संपवणं हीही अहिंसा असू शकते. मात्र हेतू त्या जिवाच्या सुखाचा हवा, आपल्या सोयीचा नव्हे. या वाक्याचा उत्तरार्ध फार बोचतो. सोय कुठं संपते आणि सुख कुठं सुरू होतं? रात्री तीनला फरशी पुसणाऱ्याला हे कोण सांगणार?

म्हणून थोडा हिशेब उपयोगी पडतो. ॲलिस विलालोबॉस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी एक मापपट्टी तयार केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिशीच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. पुस्तकात ती मराठीत मांडली आहे. पहिल्या वेळी मी ठमीला एकावन्न गुण दिले, नवऱ्यानं बत्तीस. आम्ही एकाच कुत्रीविषयी बोलत होतो. त्या आकड्यांवरून आमचं जे भांडण झालं त्यातून कळलं की मी तिच्या शेपटीला गुण देत होते आणि तो तिच्या पायांना. तेव्हापासून दर आठवड्याला दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं असं ठरलं. मापपट्टी निर्णय देत नाही. पण घरातली दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघतायत का, एवढं ती दाखवते, आणि बऱ्याच घरांत अडचण नेमकी तिथंच असते.

दुसरी युक्ती डॉक्टरांची. कॅलेंडरवर रोज एक खूण. चांगला दिवस, उभी काडी. वाईट दिवस, शून्य. तारखेच्या चौकटीत दुधाचा आकडा लिहायची आईंची जागा होतीच; त्याच्या खाली मी काडी नाही तर शून्य लिहू लागले. सुरुवातीला सगळ्या काड्या. मग शून्याला शून्य लागून येऊ लागलं. रोजच्या मायेला जे दिसत नव्हतं ते महिन्याच्या पानावर दुरून दिसलं. त्या पानासमोर उभं राहून एका सकाळी नवरा म्हणाला, ‘‘आता तिच्यासाठी चाललंय की आपल्यासाठी?’’ मी उत्तर दिलं नाही. सलाईनची बाटली लावायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

इंजेक्शनचं प्रकरण मी मुद्दाम तपशिलात लिहिलं आहे, कारण त्या दिवशी आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. कुत्रं झोपतं, घोरायलाही लागतं. मग पायाच्या शिरेत भुलीच्या औषधाचा फार मोठा डोस जातो. मेंदू आधी विझतो, मग श्वास, मग हृदय. काही सेकंद ते मिनिट-दोन मिनिटं. त्यानंतर दोन गोष्टी घडू शकतात ज्यांनी माणूस हादरतो. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. सिनेमातल्यासारखं हातानं मिटवायला गेलं तरी पापण्या परत उघडतात. आणि काही वेळा गेल्यावरही एक-दोन दीर्घ श्वास घेतल्यासारखी छाती हलते, लघवी होते. तेव्हा ते जागं नसतं. स्नायू सैल पडत असतात. हे आधी ठाऊक असतं तर मी डॉक्टरांवर ओरडले नसते. त्यांची मी नंतर माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘ताई, बहुतेक सगळे ओरडतात.’’

आपण खोलीत थांबावं की नाही, यावर पुस्तकात मी सल्ला दिलेला नाही. ज्याला थांबता येत नाही त्यानं थांबू नये, त्यात कमीपणा नाही; मात्र मग घरातलं दुसरं ओळखीचं माणूस असावं. ठमीच्या डोक्याशी शेवटी आई होत्या. दोन दिवसांचा हिशेब विचारणाऱ्या त्याच. त्यांनी तिच्या तोंडात पळीनं गंगाजल घातलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

मग देहाचं काय? मुंबईत महापालिकेनं 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली; बाकी बहुतेक गावांत आणि शहरांत ज्याचं त्यानं बघायचं. अपार्टमेंटात राहणाऱ्यांनी हा प्रश्न आधी सोडवून ठेवावा. त्या दिवशी पाच-सहा ठिकाणी फोन करत बसायचं बळ नसतं. आम्ही ठमीला नणंदेच्या शेतात पुरलं, बांधाकडेला, विहिरीपासून लांब. खड्डा कमरेएवढा खोल हवा, अंगावर सुती कापड, प्लास्टिक नको, आणि मातीवर दगडांचा थर. इंजेक्शन दिलेलं असेल तर हे जास्तच नीट करावं. औषध देहात राहतं आणि तो देह उकरून खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला किंवा पक्ष्याला मारू शकतं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं आपली गिधाडं कशी संपली ते आपण बघितलं आहे.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला देह हुंगू द्यावा. लहान मूल असेल तर त्याला ‘झोपवलं’ हा शब्द वापरू नये. नाही तर ते रात्री स्वतः झोपायला घाबरतं. ‘शेतावर राहायला गेला’ तर अजिबात नको, कारण ते एक दिवस शेतावर जायचं म्हणणारच. ‘मेली’ म्हणावं. मुलांना तो शब्द आपल्याइतका जड नसतो. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलानं मला विचारलं, ‘‘मग तिचा पट्टा आता कुणाचा?’’ त्या आठवड्यात मला विचारला गेलेला तेवढाच एक सरळ प्रश्न होता.

बाकीचे प्रश्न नव्हते, समजुती होत्या. ‘‘वहिनी, कुत्रंच तर होतं.’’ ‘‘सुटली बिचारी.’’ ‘‘दुसरं आणा लगेच.’’ कामावर मी दोन दिवस ताप आल्याचं कळवलं. ‘कुत्री वारली’ या कारणासाठी रजेच्या अर्जात रकाना नसतो. केनेथ डोका या अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखासाठी एक कल्पना मांडली: ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, ज्याच्यासाठी कुणी भेटायला येत नाही, रीत नाही, रजा नाही, तो शोक जास्त रेंगाळतो. आपल्याकडे रीत म्हणजे किती मोठा आधार आहे हे तेव्हा समजलं. माणूस गेला की दहा दिवस काय करायचं, कुणी कुठं बसायचं, कधी काय शिजवायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. डोकं चालत नसलं तरी दिवस पार पडतात. कुत्र्याचं काहीच ठरलेलं नाही. आई दुसऱ्या दिवशी ताटावरून उठत म्हणाल्या, ‘‘सुतक नसतं गं कुत्र्याचं. पण घास उतरत नाही त्याला काय करायचं?’’

शोकाच्या पाच पायऱ्या हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांविषयी नव्हे. तेव्हा आपण कुठल्या पायरीवर आहोत हे शोधत बसू नये. माझा अनुभव असा की शोकाचा मोठा भाग ठमी जिवंत असतानाच होऊन गेला होता, चटया पसरताना, सुया उकळत्या पाण्याच्या भांड्याशेजारी मोजून ठेवताना, फरशी पुसताना. ती गेल्यावर जे उरलं ते दुःखापेक्षा रिकाम्या हातांचं होतं. सकाळी सहाला सुई लावायची नाही. रात्री तीनला उठायचं नाही. मी उठत होते ते वेगळं.

आणि एक टोचणी उरते, ती जवळपास सगळ्यांची. कुणाला वाटतं घाई केली, कुणाला वाटतं फार उशीर केला. बरोबर वेळ साधली असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. मी उशीर केला असं मला वाटतं. नवऱ्याला वाटतं आठवडाभर थांबता आलं असतं. यावर आम्ही आता भांडत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दोघांचंही म्हणणं दिलं आहे, त्याचं त्याच्या शब्दांत.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. तुमचं कुत्रं आठ वर्षांचं असेल तर पहिली तीन प्रकरणं आत्ता वाचा आणि बाकीचं कपाटात ठेवा. आज रात्री तीन वाजता वाचत असाल तर थेट पाचवं उघडा. औषधांचे डोस कुठंही दिलेले नाहीत. ते वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरतात, तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. दोन पशुवैद्यकांनी हस्तलिखित तपासून माझ्या बऱ्याच चुका काढल्या. नावं छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

ते कालनिर्णयाचं पान मी जपून ठेवलं आहे. आमच्याकडे दुधाचा रतीब दीड लिटरचा. वरचं अर्धं ठमीचं. डॉक्टरांनी तिचं दूध बंद केल्यावरही आईंनी रतीब कमी करू दिला नव्हता. त्या अर्ध्याचं दही लागायचं आणि चार महिने आम्ही दोन्ही वेळा दहीभात खात होतो. पानावर सोळा तारखेपर्यंत प्रत्येक चौकटीत वर दीड आहे आणि खाली माझ्या अक्षरात काडी किंवा शून्य. शेवटी शेवटी शून्यच. सतराला खाली काही नाही. वर आईंनी दीड लिहिलंय, ते एका आडव्या रेघेनं खोडलंय, आणि शेजारी एक लिहिलाय.